गेरूचं पाणी

बापाच्या म्हाळाच्या दिवशी सकाळी हनुमंतानं बादलीभर पाण्यात दोन ओंजळी गेरू कालवला आणि ते लाल पाणी घरामागच्या खेळाच्या कोर्टाच्या वरच्या कोपऱ्यात, चराच्या तोंडाशी ओतलं. मग चपला हातात घेऊन, निळ्या रंगावर पाऊल न टाकता, तो कडेकडेनं उतरला आणि बांधाखाली मंगलच्या पडक्या भिंतीमागं उकिडवा बसला. मनगटावरचं घड्याळ त्यानं समोर धरलं.

भोरच्या डेपोत एकतीस वर्षं मेकॅनिक म्हणून काढलेल्या माणसाची ही सवय होती. गळती कुठनं आहे ते कळेना, की पाण्यात रंग घालायचा आणि गप बसून वाट बघायची. बोंबाबोंब करून काही सापडत नाही.

बारा दिवसांपूर्वी धाकट्या बहिणीची मागची भिंत पहाटे खचली. मंगल तेव्हा अंगणात शेरडं सोडत होती म्हणून वाचली. आत तिचं धान्य, भांडी आणि नवऱ्याचा फोटो, सगळं चिखलात गेलं. नऊ वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर ती किकवीहून माहेरी आली, तेव्हा बापानं तिला बांधाखालचा हा तुकडा आणि त्यावरच्या दोन खोल्या दिल्या होत्या. तेवढंच तिचं स्वतःचं म्हणता येईल असं होतं. आता ती हनुमंताच्या माजघरात निजत होती, आणि दोष कुणाचा हे सगळ्यांनी मिळून ठरवूनही टाकलं होतं. भावकीतल्या सावळारामनं उन्हाळ्यात वरच्या अंगाला जेसीबी लावून राजगड चढायला येणाऱ्या पोरांच्या तंबूंसाठी जागा सपाट केली होती. त्यानंच डोंगराचं पाणी फिरलं, असं गावात ज्याला त्याला वाटत होतं. हनुमंतालाही वाटत होतं. कालपर्यंत.

काल चिखल उपसताना त्याला नखाएवढा एक पापुद्रा सापडला. निळा. त्यानं तो अंगठ्यानं पुसला, उन्हात धरला. ह्या निळ्या रंगाची वस्तू पंचक्रोशीत एकच होती.

वीस मिनिटं झाली. भिंतीच्या बुडातनं बोटाएवढी धार नितळ वाहत होती. पंचविसाव्या मिनिटाला ती शेणकाल्यासारखी गढूळ झाली. मग तांबूस. मग लाल.

हनुमंताच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चर झकास चालतोय. तीन वर्षं झाली तरी कुठं तुंबलेला नाही. आणि त्या विचाराची त्याला अशी लाज वाटली की तो तिथंच, ओल्या मातीवर, बसकण मारून बसला.

*

कोर्ट बांधलं इंद्रजितनं, पण जगवलं हनुमंतानं, हे सगळे मानत होते. इंद्रजित त्याच्याहून बारा वर्षांनी लहान, पुण्यात बाणेरला नोकरीला. त्याची लेक प्रगती सोसायटीत पिकलबॉल, म्हणजे बॅटीनं जाळीपलीकडं प्लास्टिकचा चेंडू टोलवायचा खेळ, खेळू लागली आणि बघता बघता जिल्ह्यात नाव काढू लागली. तिला सुट्टीत सराव करता यावा म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानं घरामागं, बापाच्या, म्हणजे सोनबाच्या, जुन्या खळ्यावर, काँक्रीट ओतून कोर्ट केलं. भात केव्हाच यंत्रावर झोडलं जायला लागलं होतं, खळं नुसतं पडून होतं. तरी हनुमंत भांडला होता. "सोनबाच्या खळ्यावर प्लास्टिकचा चेंडू उडवणार व्हय रं?" असं तो बोलला आणि इंद्रजित आठ महिने ह्या घराचा उंबरा चढला नाही.

मग हनुमंत रिटायर झाला. पहिल्याच पावसाळ्यात त्या निळ्या रंगावर शेवाळ धरलं, खालच्या ओलीनं रंगाला फोड आले. रोज सकाळी चहा घेताना त्याला ते दिसायचं. एक दिवस त्यानं केरसुणी उचलली. माणूस यंत्राजवळ वाढलेला, त्याला बिघडलेलं बघवत नाही, एवढंच कारण होतं. पण हळूहळू त्यानं सगळं शिकून घेतलं. शेवाळ तारेच्या ब्रशनं घासायचं नाही, रंग निघतो. मऊ ब्रश घ्यायचा. आंब्याची पानं पडली की दिवस मावळायच्या आत उचलायची, नाहीतर चॉकलेटी डाग बसतात. पाऊस थांबला की रबरी वायपरनं पाणी ओढायचं, तासाभरानं कुठं रुपयाचं नाणं बुडेल एवढं साचलंच तर तिथं खडूनं गोल करून ठेवायचा आणि उन्हाळ्यात तो खड्डा भरून घ्यायचा. जाळी मधोमध कडेपेक्षा दोन इंच खाली. एकदा त्यानं पट्टी लावून प्रगतीला दाखवलं की पुण्याहून आणलेली जाळी पाव इंच चुकतीय. ती म्हणाली, "तात्या, तुम्ही भारी आहात." डेपोत एकतीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं.

आणि ओलीसाठी त्यानं तो चर खणला. वरच्या अंगानं खडी घातली, भोकांचा पाइप टाकला आणि त्याचं तोंड बांधापलीकडं घाणेरीच्या झुडपांत सोडून दिलं. पुढं पाणी आपली वाट काढील, असं तो तेव्हा म्हणाला होता.

इंद्रजित पंधरवड्याला यायला लागला. दोघं भाऊ कोर्टाच्या कडेला खुर्च्या टाकून बसत. बोलणं फारसं नसे, पण बसत.

*

"अवं, हात कशानं रंगलेत?" सुलक्षणानं विचारलं. ती चुलीपाशी उडदाचे वडे काढत होती. "पान वाढायची येळ झाली. भाऊजी नसरापूर सोडून निघालेत."

हनुमंतानं दारात उभं राहूनच बायकोला सांगितलं. बापुडवाणं तोंड करून नाही, डेपोत साहेबाला बिघाड सांगावा तसं. रंग ओतला, एवढी मिनिटं लागली, तिथनं निघाला.

सुलक्षणानं झारा कढईवर तसाच धरला. तेल निथळत राहिलं.

"वन्संना सांगितलं?"

"तुलाच पयलं सांगतोय."

"मग आजच्या दिस माझ्यापाशीच राहू द्या." तिनं दाराबाहेर बघितलं आणि आवाज खाली आणला. "आठ म्हैने भाऊजी आले न्हवते, आठवतंय का? तुमी ताटावरनं उठून जायचा. किती नवसानं घर जुळलंय हे. पोरीची खेळाच्या संघाची निवड म्होरच्या म्हैन्यात हाय. वन्संची भिंत आपुन बांधून देऊ, चांगली दगड-सिमिटाची. पाणी गुपचूप दुसरीकडं काढा. कुनाचं काय अडलं?"

तिच्या बोलण्यात खोटं असं काहीच नव्हतं, म्हणूनच ते हनुमंताला जड गेलं.

"दुसरीकडं निघत न्हाई," तो म्हणाला. "झरा त्या कोपऱ्यातच हाय. वरनं न्यावं तर कातळ. ओढ्याला न्यायचं तर कोर्टातनंच न्यावं लागंल, आरपार. आपल्या बापाच्या येळंला पाणी पावसाळाभर खळ्यावरनंच जायचं. दसरा झाला की मग खळं चोपायचं, सारवायचं. म्या लहानपणी त्यात होड्या सोडल्यात. आन् मलाच सुचलं न्हाई."

 करपत आलेला वडा सुलक्षणानं बाजूला काढला. "तरीबी आज नगं," ती शेवटी म्हणाली. "मामंजींचा दिस हाय."

*

इंद्रजितची गाडी आली. प्रगती उतरली ती तडक मागं धावली, आणि थोड्याच वेळात चेंडूचा टॉक टॉक आवाज सुरू झाला. मागच्या सबंध आठवडाभर झड लागली होती. पण कोर्ट खडखडीत कोरडं होतं. "दादा, कसं जमवतोस रे हे?" इंद्रजित म्हणाला आणि त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. हनुमंतानं तो हात झटकला नाही, पण त्याला तो फार वेळ सोसला नाही.

घरावर कावळ्याला पान ठेवून झालं. जेवणं झाली. प्रगती परत कोर्टावर गेली आणि बाकीचे पडवीत टेकले. इंद्रजितनं पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढला.

"आक्का, हे ऐक. तहसीलला द्यायचा अर्ज. सावळारामनं परवानगी न घेता वर सपाटीकरण केलं, त्यामुळं पाण्याचा नैसर्गिक मार्ग बदलला आणि तुझं घर पडलं. पंचनामा करून नुकसानभरपाई द्यावी. खाली तुझी सही."

मंगलनं कागद हातात घेतला, पण डोळे त्यावर टिकेनात. "त्यानंच करडू काढलं रं मातीतनं," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आदी तोच आला. पायात चप्पल न्हवती त्याच्या."

"करडू काढलं म्हणून डोंगर फोडला ते माफ होतं का?"

"तसं न्हाई..."

"भाऊजी म्हंत्यात त्यात काय चूक न्हाई, वन्सं," सुलक्षणा म्हणाली. तिनं हनुमंताकडं मुळीच बघितलं नाही. "तुमचं घर गेलंय. कुनी तरी जाब द्याया पायजेल."

मंगलनं मोठ्या भावाकडं तोंड केलं. लहानपणापासून तिची ती रीत होती. लग्न ठरलं तेव्हाही ती अशीच बघत होती. "दादा, तुला काय वाटतंय? तू म्हणशील तसं."

हनुमंताला बोलायचं होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती असंही नाही. मागनं चेंडूचा आवाज येत होता, शेजारी धाकटा भाऊ मांडी घालून बसला होता, आणि हे सगळं अजून थोडा वेळ असंच राहावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

"नीट वाचून घे," तो म्हणाला.

मंगलनं त्याचा अर्थ काढायचा तो काढला. इंद्रजितनं पेन दिलं. चौथीपर्यंत शिकलेल्या तिच्या हातानं एकेक अक्षर जुळवत तिनं नाव लिहिलं, आणि शाई वाळायला कागद मांडीवर धरून बसली.

तेवढ्यात फाटकाशी खाकरल्याचा आवाज आला. सावळाराम होता. काखेत एक तांबडा भोपळा.

"उशीर झाला, हनुदा. तंबूतली पोरं आत्ता गेली. पन काकांच्या म्हाळाला कंदी चुकलो न्हाई, म्हणून म्हणलं पळत जाऊ." त्यानं भोपळा खांबाशी ठेवला, पाय धुतले आणि जागा दाखवायची वाट न बघता नेहमीच्या ठिकाणी, भिंतीला पाठ लावून बसला. इंद्रजितनं बहिणीच्या मांडीवरचा कागद उचलून घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात सरकवला.

सुलक्षणानं पान मांडलं. वाढायला हनुमंतच उभा राहिला. आमटी वाढली, खीर वाढली.

"करडू पितंय का, मंगलआक्का?" सावळारामनं विचारलं.

"पितंय," मंगल म्हणाली. तिचा आवाज कसनुसा आला.

"मग जगलं. बरं, मी काय म्हणतो, माझ्याकडं जोत्याचे दगड पडल्यात. खुशाल भिंतीला घ्या. दोन गडी बी देतो. पाऊस उघडला की लावू हात." तो इंद्रजितकडं वळला. "तुमी काय कराल ते करा, इंद्रजितराव. पन दगड इकत आणू नका."

इंद्रजितनं मान हलवली आणि मग ती कुठं ठेवावी हे न कळून जमिनीकडं बघत राहिला.

हनुमंत भात वाढायला वाकला होता. उलथन्यावरचा भात पानात पडला आणि तो तसाच वाकलेला राहिला.

"सावळाराम," तो म्हणाला, "मंगलच्या भिंतीत गेलेलं पाणी तुझं न्हाई. माझं हाय."

सावळारामचा घास हातातच राहिला.

"कोर्ट कोरडं राहावं म्हणून म्या चर काढला, त्याचं तोंड तिच्या घराकडं सुटलंय. सकाळी गेरू टाकून बगितला. पंचवीस मिंटांत तिच्या भिंतीतनं निघाला. तीन वर्सं तिच्या भिंतीत मीच पाणी घालतोय."

"दादा," इंद्रजित उठला. "अरे, एका बादलीवरून असं काही ठरत नाही. ते शास्त्रीय..."

"गप, इंद्रा." मंगल स्वयंपाकघराच्या चौकटीला हात लावून उभी राहिली होती. "दादा, तीन वर्सं मी तुला सांगत व्हते, भिंतीला ओल येतीया. तू म्हणायचास, सिमिट मारून घे. मारलं. दर साली मारलं." ती थांबली. "कंदी कळलं तुला हे?"

"सकाळी."

"सकाळी." तिनं तो शब्द हळूच उच्चारला. "म्हंजी मगाशी म्या सही केली तवा तुला ठावं व्हतं."

हनुमंतानं उलथनं भाताच्या पातेल्यात ठेवलं.

"पाण्याचं सोड. पानी कुनाला दिसतं का जमिनीखालचं? पन म्या तुला इचारलं. सगळ्यांदेखत इचारलं."

ती पुढं आली. धाकट्या भावाच्या खिशातला कागद तिनं स्वतःच्या हातानं काढला आणि सावळारामच्या पानाशेजारी ठेवला. "वाच. तुझ्यावर लिवलंय. खाली माझं नाव हाय, म्याच लिवलंय."

सावळारामनं डाव्या हातानं घडी उघडली. तो सावकाश वाचणारा माणूस होता.  मागचा चेंडूचा आवाज मध्येच कधीतरी बंद झाला होता. वाचून झाल्यावर त्यानं कागदाची परत घडी घातली, तो मंगलच्या हातात दिला, आणि पानातला भात कालवला. म्हाळाचं पान टाकून उठत नाहीत. त्यानं खिरीची वाटीसुद्धा संपवली. हात धुऊन आला तेव्हा मंगल आपल्या कपड्यांची पिशवी घेऊन पायरीवर उभी होती.

"सावळाराम, तुझ्या घरात मला जागा हाय का? भिंत हुईपतोर."

"इचारायचं काय त्यात?" तो म्हणाला. त्यानं पिशवी घेतली आणि दोघं फाटकाबाहेर गेली. शेरडं मागनं ओरडायला लागली, तेव्हा मंगल परत येऊन ती सोडून घेऊन गेली. हनुमंत तिच्या वाटेत उभा होता. त्याला वळसा घालून ती गेली.

*

"इतकं बोलायच्या आधी मला एक शब्द तरी सांगायचास," इंद्रजित म्हणाला.

"सांगितला असता तर बोलू दिलं असतंस?"

इंद्रजितनं खिशातून गाडीची किल्ली काढली. "नाही," तो म्हणाला. तेवढं मात्र तो खरं बोलला. "आता काय, फोडणार कोर्ट?"

"पान्याला दुसरी वाट न्हाई."

"पंप बसव. मी आणून देतो."

"पावसात हितली लाईट किती टिकती, तुला म्हाईत न्हाई का? पंप बंद पडला की पानी तिच्याच घरात."

प्रगती केव्हा येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. हातात बॅट तशीच होती, कपाळावर घाम. वीस वर्षांची पोर, पण ओठ असे दुमडले होते की हनुमंताला तिचं पाचवीतलं तोंड आठवलं. "एक महिना थांबा, तात्या," ती म्हणाली. "फक्त निवड होऊ दे. मग काय करायचं ते करा."

"परतीचा पाऊस बाकी हाय, पोरी. उरल्या भिंती त्यात टिकायच्या न्हाईत."

ती गाडीत जाऊन बसली. दिवस मावळायच्या आतच बापलेक निघाले. सुलक्षणानं डब्यात घालून दिलेले वडे खिडकीतनं आत दिले, त्यासाठी तेवढी काच खाली झाली.

ती आत आली आणि भांडी घासायला बसली. "बोल लाव मला," हनुमंत म्हणाला. "तू नगं म्हणत व्हतीस."

"म्या बी त्या कागदाला व्हय म्हणले," सुलक्षणा म्हणाली. "मला कोन बोल लावणार?" आणि ती राखेनं कढई घासत राहिली.

*

दोन दिवसांनी सकाळीच सावळाराम आला. त्याच्या हातात कागदाची पुडी होती.

"गेरू आणलाय," तो म्हणाला. "माझी बी जागा बगून घे. मंगलआक्का माझ्या घरात जेवतीया, आन् मला घास गिळंना झालाय. म्या जेसीबी लावला हे काय खोटं न्हाई."

दोघं वर गेले. तंबूंच्या सपाटीच्या कडेला, जिथनं पाणी उतरतं तिथं, त्यांनी रंग ओतला आणि खाली येऊन भिंतीपाशी बसले. अर्धा तास झाला, एक तास झाला. सावळारामनं तंबाखू मळला आणि खायचा विसरला. दीड तासानं पलीकडच्या ओढ्यात दगडांमधून एक लाल रेघ वाहताना दिसली. भिंतीकडं काही आलं नाही.

सावळारामनं दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून मोठा श्वास सोडला. "चौदा दिस मी सोताशीच भांडत व्हतो, हनुदा," तो म्हणाला. "दगड देतो म्हणलो ते उगं न्हवतं." मग उठून त्यानं विचारलं, "काँक्रीट फोडायला ब्रेकर पायजे का? माझ्याकडं हाय."

पाऊस उघडला तसा त्यांनी कोर्टाला हात घातला. आधी हनुमंतानं सुतळी ताणून, खडूनं दोन रेघा मारल्या: वरच्या कोपऱ्यातून ओढ्याच्या बाजूच्या टोकाकडं, उतार पाण्याच्या नळीनं तपासून. सवयीनं त्यानं जागा आधी झाडून घेतली. मग स्वतःशीच हसला, आणि ब्रेकर चालू केला. पहिला निळा तुकडा उडाला तेव्हा त्यानं तो उचलून कडेला ठेवला. तीन वर्षांत त्यानं इथं गुराचं खूर उमटू दिलं नव्हतं. दुपारपर्यंत हात बधिर झाले. काँक्रीटखाली वीतभर खोलीवर ओली काळी माती लागली, आणि तिच्यात पाणी आधीपासूनच त्याच दिशेनं झिरपत होतं. कुणी न सांगता, कोर्टाच्या पोटाखालून, चार वर्षं.

तिसऱ्या दिवशी दगडी पन्हळ बांधून झाली. मग ते दोघं भिंतीकडं वळले. जोत्याचे दगड सावळारामचे, हात दोघांचे. मंगल चहा घेऊन यायची. सावळारामच्या हातात पेला द्यायची आणि दुसरा दगडावर ठेवून जायची. हनुमंत तो उचलून प्यायचा. असं आठ दिवस चाललं. भिंत झाली, तिनं आत सारवलं, शेरडं परत आणली. भावाशी शब्द नाही.

तीन रविवार गेले, इंद्रजित आला नाही. फोन सुलक्षणा करायची. तिकडून कामाचं सांगायचे.

चौथ्या रविवारी दहाच्या सुमाराला नसरापूरहून आलेली वडाप जीप फाट्यावर थांबली आणि प्रगती एकटी चालत आली. पाठीला पिशवी. ती सरळ मागं गेली आणि पन्हळीशी उभी राहिली. हनुमंत तिच्या मागं, चार हात अंतर ठेवून.

"निवड?" त्यानं शेवटी विचारलं.

"दुसऱ्या फेरीत हरले." मग ती वळली. "कोर्टामुळं नाही हं, तात्या. बॅकहँडमुळं. ते तिकडच्या कोर्टावरही तसंच झालं असतं."

"पप्पा?"

"त्यांना सांगून नाही आले. म्हणजे, जाताना दाराशी होते. कुठं चाललीस म्हणून विचारलं नाही." तिनं पिशवीतून टेप काढली. "ही खालची बाजू अख्खी राहिलीय ना, या टोकापासून त्या टोकापर्यंत? सरावाला लोक अर्ध्याच पट्टीत खेळतात, समोरासमोर एकेक. धरा इकडचं टोक."

दोघांनी मापं घेतली. तिनं नवी रेघ आखली, त्यानं जाळी कापून अर्धी केली आणि लोखंडी पाइपचा नवा खांब रोवला. मग तिनं दुसरी बॅट त्याच्या हातात दिली.

"मला कुठं येतंय?"

"तीन वर्षं झाडताय नि एकदाही मारला नाही? नुसता परत पाठवा. माझ्या डाव्या हाताला."

पहिला चेंडू त्याच्या बॅटीखालनं गेला, दुसरा पन्हळीत. तिसरा कसा कोण जाणे, परत गेला. मागच्या दारात सुलक्षणा भाजीची पाटी कंबरेला लावून उभी होती. "अवं, कंबर धरंल!" असं ओरडली, पण आत गेली नाही.

साडेतीन वाजता राजगडाच्या अंगानं आभाळ भरून आलं आणि परतीचा पाऊस कोसळला. प्रगती घरात पळाली. हनुमंतानं डोक्यावर इरलं घेतलं. कोर्टावर पाणी साचत होतं, पन्हळ काठोकाठ वाहत होती आणि घसाघसा ओढ्याला मिळत होती. वायपर भिंतीला टेकून ठेवलेला होता. तो त्यानं घेतला नाही. तो बांध उतरून खाली गेला.

मंगलच्या मागच्या भिंतीपाशी झुडपं त्यानंच तोडली होती. उभं राहायला जागा होती. बुडाशी वाकून त्यानं दगडांच्या सांध्यावर तळवा ठेवला. वरनं पाऊस पडत होता, सगळंच ओलं होतं, आणि हाताला ओल लागली ती कुठली हे कळेना. त्यानं इरलं पुढं ओढून भिंतीवर धरलं, म्हणजे तेवढी जागा कोरडी होईल, आणि परत हात ठेवला. मग थोडा पुढं सरकून परत. असा तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि कोपऱ्यापासून मागं आला. अंगावरचा सदरा चिंब झाला होता.

भिंतीत वर, हातभर लांबीची एक खिडकी त्यांनी नव्यानं ठेवली होती. तिचं दार आतून ढकललं गेलं. मंगल तिथं उभी होती. किती वेळ बघत होती कुणास ठाऊक.

"असं भायेरनं काय कळणार हाय, दादा?" ती म्हणाली. "आत ये. आतनं हात लावून बग."

हनुमंत भिंतीला वळसा घालून पुढच्या अंगणात आला. इरलं त्यानं बाहेर उलटं टेकवलं, पाय पुसले, आणि बुटक्या दारातनं वाकून आत गेला.